दगड आधी, झाडं मग, मासे शेवटी

दगड रचून, जिवंत पाणवनस्पती लावून केलेल्या गोड्या पाण्याच्या टाकीबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेकांची टाकी ६० × ३० × ३६ सेंमीची आहे, म्हणून उत्तरांतली मापंही त्याच टाकीची. ही टाकी काठोकाठ भरली तर ६५ लिटरची भरते, पण माती आणि दगड घातल्यावर पाणी ४५ ते ५० लिटरच बसतं. खत असो की औषध, हिशेब या ५० वर करायचा, ६५ वर नाही.

प्रश्न: दगड कसेही रचले तरी नुसता ढीग दिसतो. किती दगड घ्यावेत, कुठे आणि कसे बसवावेत?

टाकीत रचायला बसू नका. पुठ्ठ्याचा ६० × ३० चा उथळ खोका करा, त्यात वाळू घाला आणि तिथे हवी तितकी मोडतोड करा. काचेवर दगड आपटेल ही धास्ती असली की हात आखडतो आणि पहिली जमलेली मांडणीच कायम होऊन बसते.

दगड सगळे एकाच जातीचे, पण आकार मुद्दाम विषम. १२ ते १५ किलो आणलेत तर त्यातले ८ ते १० किलो वापरले जातील, उरलेले निवडीसाठी. फक्त दगड आणि बुटकं गवत अशा मांडणीला जपानीत इवागुमी म्हणतात. जपानी छायाचित्रकार आणि टाकी-रचनाकार ताकाशी अमानो यांच्यामुळे ती जगभरच्या हौशी लोकांपर्यंत पोचली. तिच्यात मुख्य दगड ओयाइशी, त्याला तोलून धरणारा दुसरा फुकुइशी, सोबतीला सोएइशी, आणि पुढेमागे झाडांत लपले तरी चालतील असे लहान सुतेइशी. एकूण संख्या विषम ठेवतात: तीन, पाच, सात. सुरुवातीला पाच पुरेत.

मुख्य दगड एका बाजूच्या काचेपासून साधारण २३ सेंमीवर येऊ द्या, म्हणजे दुसरीकडे ३७ सेंमी राहतात. पुढून-मागून पाहिलं तर तो मध्यापेक्षा जरा मागे हवा. त्याचं टोक टाकीच्या तळापासून २२ ते २४ सेंमीवर, म्हणजे उंचीच्या दोन तृतीयांशावर आलं की पुरे. त्याहून उंच गेला तर पाणी कमी वाटतं, बुटका राहिला तर पाठीमागची झाडं महिन्याभरात त्याला गिळतात. दुसरा दगड पहिल्याच्या दोन तृतीयांश उंचीचा असावा. प्रत्येक दगडावर शिरा, खाचा असतात. त्या सगळ्या एकाच दिशेला कलत्या ठेवा, जणू एकाच प्रवाहाने सगळे झिजले आहेत. नेमकी हीच गोष्ट राहून जाते आणि मांडणी ‘ठेवलेली’ दिसते. सारख्या उंचीचे दगड ओळीने उभे केले तर कवळी दिसते, डोंगर नाही.

दगडाचा निदान चौथा भाग मातीत गाडलेला हवा आणि रुंद बाजू खाली हवी. काचेपासून चारही बाजूंनी ४ ते ५ सेंमी मोकळे सोडा. काच घासायची पट्टी तिथून फिरायची आहे. जड दगडाचं टोक थेट तळाच्या काचेवर टेकू देऊ नका. खाली प्लास्टिकची जाळी किंवा पातळ फोमचा तुकडा घाला, म्हणजे भार एका बिंदूवर येत नाही. मांडणी झाली की फोटो काढा, तो कृष्णधवल करून पाहा आणि दोन दिवस तशीच ठेवा. रंग काढून टाकला की उंच-सखलपणातली चूक लगेच दिसते.

प्रश्न: माती किती लागेल? मागची चढण पंधरा दिवसांत खाली घसरते, त्याला काय करावं?

माती म्हणजे ‘अ‍ॅक्वा सॉइल’, पाणवनस्पतींसाठी विकत मिळणारी दाणेदार माती. पुढे ३ सेंमी, मागे ९ ते १० सेंमी, सरासरी ६ धरा. ६० × ३० × ६ म्हणजे १०.८ लिटर. त्यातून दगडांची जागा वजा जाते, त्यामुळे ९ लिटरची एक पिशवी पुरते. मागचे कोपरे याहून उंच हवे असतील तर लाव्हा खडीच्या लहान जाळीदार पिशव्या तळाशी घाला. उंचीही टिकते आणि तीन-चार लिटर माती वाचते.

चढण घसरते कारण पाण्याखाली सुटे दाणे हळूहळू सपाट होतात, आणि तळाशी फिरणारे मासे व कोळंब्या त्याला हातभार लावतात. मुख्य दगडाच्या पायथ्याशी मुठीएवढे दगड आडवे दाबून बसवा, ते बांधाचं काम करतात. त्यांच्यामागे दाट मुळांची झाडं लावा. मुळं धरली की माती हलत नाही. ही दाणेदार ‘अ‍ॅक्वा सॉइल’ कधीही धुऊ नका. दाणे फुटून चिखल होतो.

प्रश्न: नदीतून आणलेले दगड चालतील का? उकळून घ्यावेत का?

उकळू नका. दगडाच्या भेगांत पाणी अडकलेलं असतं, त्याची वाफ झाली की दगड फुटून कपच्या उडू शकतात. ताठ ब्रशने, साबणाशिवाय घासा आणि उन्हात खडखडीत वाळवा, इतकं पुरे.

चालतील की नाही हे चुन्यावर ठरतं. दगड एका जागी खरवडा आणि त्या ताज्या भागावर व्हिनेगरचे थेंब टाका. बुडबुडे आले तर चुना आहे. पण व्हिनेगर सौम्य असतं, चुना थोडा असेल तर ते गप्प राहतं. खात्रीची चाचणी वेगळी: बादलीत आरओचं पाणी घ्या, त्याचा केएच (कार्बोनेटचा जडपणा) आणि जीएच (एकूण जडपणा) मोजा, दगड आठवडाभर बुडवून ठेवा आणि पुन्हा मोजा. आकडा हलला नाही तर दगड निर्धोक. बेसॉल्ट, ग्रॅनाइट, लाव्हा, ड्रॅगन स्टोन यांनी पाणी बदलत नाही. संगमरवर आणि चुनखडी पाणी जड करतात. सेयर्‍यू जातीचा करडा दगडही करतो. तरी जगभर तो वापरला जातो, कारण दर आठवड्याला निम्मं पाणी बदललं की वाढ आटोक्यात राहते. गंजाचे डाग किंवा सोनेरी चमक असलेला दगड मात्र नकोच. धातू पाण्यात उतरला, त्यातही तांबं, तर कोळंब्या मरतात.

प्रश्न: बुटक्या गवताचा गालिचा करायचा आहे. लावलेलं रोप दुसऱ्या दिवशी तरंगत वर येतं.

रोपं वर येतात ती दोन कारणांनी: जुडगे मोठे असतात आणि खोल गेलेले नसतात. पेल्यात वाढवलेलं रोप असेल तर मुळांची जेली कोमट पाण्यात पूर्ण धुवा, राहिली तर कुजते. कुंडीतलं असेल तर मुळांतला लोकरीसारखा भाग चिमट्याने उपसून काढा. मग कात्रीने दीड-दोन सेंमीचे तुकडे करा. पुढच्या अर्ध्या भागासाठी चार ते सहा पेले लागतात. इथे हात आखडता घेऊ नका. उघडी माती जितकी जास्त, तितकं शेवाळाला फावतं.

लावताना टाकीत पाणी मातीच्या पृष्ठभागाइतकंच हवं, माती भिजलेली पण वर तळं नाही. टोकाशी वाकडा, लांब चिमटा घ्या. जुडगा मुळाशी पकडा, ४५ अंशांत माती भेदत आत न्या, पानांची टोकं तेवढी बाहेर दिसेपर्यंत. आता चिमटा सरळ ओढू नका. आतच किंचित उघडा, दोनदा डावी-उजवीकडे हलवा म्हणजे दाणे खड्ड्यात पडतात, आणि मग तिरका बाहेर काढा. सरळ ओढलेल्या चिमट्याबरोबरच रोप वर येतं. दोन जुडग्यांत २ ते ३ सेंमी अंतर, बुद्धिबळाच्या पटासारखं. मधूनमधून फवारा मारत राहा, पातळ पानं दहा मिनिटांत सुकतात. पाणी भरताना मातीवर प्लास्टिकचा कागद अंथरा आणि त्यावर बारीक धार सोडा.

गालिच्यासाठी मॉन्टे कार्लो हे झाड पहिल्या खेपेला बरं. बारीक पानांचं क्यूबा देखणं आहे, पण कार्बन डायऑक्साइड जरा कमी पडला की पिवळं पडतं. केसांसारखं एलिओकॅरिस मिनी सोशीक आहे, फक्त सुरुवातीला वेळ घेतं. सगळं जुळून आलं तर सहा ते आठ आठवड्यांत माती झाकली जाते.

प्रश्न: कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्याशिवाय जमणारच नाही का? आणि जोडलाच तर किती बुडबुडे सोडायचे?

जमतं, पण झाडं वेगळी. अनुबियास, जावा फर्न, बुसेफॅलँड्रा, क्रिप्टोकोरीन, जावा मॉस. यांतली पहिली तीन मातीत पुरायची नसतात. त्यांचं आडवं जाड खोड गाडलं तर कुजतं. दगडाच्या खाचेत दोऱ्याने बांधा किंवा जेल स्वरूपातल्या सुपरग्लूच्या थेंबाने चिकटवा. गालिच्याचा नाद मात्र सोडा. काही जण वायूसाठी साखर-यीस्टची बाटली लावतात. तिचा जोर पहिल्या आठवड्यात एक आणि तिसऱ्यात भलताच असतो, आणि असा चढ-उतार काहीच न देण्यापेक्षा वाईट.

नळकांडं घ्याल तर सोबत दाबनियंत्रक, टायमरवर चालणारी सोलेनॉइड झडप, सूक्ष्म झडप, बुडबुडे मोजायची नळी, पाणी उलटं येऊ न देणारी झडप आणि वायूचे बारीक बुडबुडे करणारा डिफ्यूझर लागतो. उलटं पाणी अडवणारी झडप विसरलात तर वायू बंद झाल्यावर पाणी नळीतून मागे जाऊन महागडा दाबनियंत्रक निकामी करतं.

५० लिटरला सेकंदाला एक बुडबुडा इथून सुरुवात करा. पण बुडबुड्यांचा आकडा दुसऱ्याच्या टाकीवरून उचलू नका, प्रत्येक नळीतला बुडबुडा लहान-मोठा असतो. भरवसा ठेवायचा तो टाकीत लटकवायच्या ड्रॉप चेकरवर. त्यात ४ केएचचं द्रावण आणि दर्शक घाला, टाकीतलं पाणी नाही. निळा रंग म्हणजे वायू कमी, हिरवा म्हणजे लिटरला सुमारे ३० मिलिग्रॅम, पिवळा म्हणजे माशांना धोका. रंग बदलायला तास-दोन तास लागतात, म्हणून झडप फिरवली की लगेच पुन्हा फिरवू नका. दिवसाला एकच बदल.

पीएच मोजत असाल तर सूत्र असं: ३ × केएच × १० चा (७ वजा पीएच) घात. केएच ४ आणि पीएच ६.६ असेल तर ३० येतात. मात्र अ‍ॅक्वा सॉइल स्वतःच पीएच उतरवते, त्यामुळे तिच्यावर हे सूत्र फुगवलेला आकडा देतं. वायू दिव्याच्या एक-दोन तास आधी सुरू, दिवा मालवण्याच्या तासभर आधी बंद. रात्री झाडं वायू घेत नाहीत. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड मारू लागले तर वायू तोडा, हवेचा पंप लावा, निम्मं पाणी बदला. रंगाची वाट पाहू नका.

प्रश्न: टाकी लावून दोन आठवडे झाले. दगडांवर, पानांवर तपकिरी थर बसलाय. अमोनियाही दिसतो. सगळं उपसून पुन्हा लावू का?

अजिबात नको. तो थर डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा आहे, नव्या टाकीत तो येतोच. बोटाने सहज निघतो. मऊ ब्रशने झटका आणि पाणी बदलताना नळीने ओढून घ्या. महिन्याभरात आपोआप ओसरतो.

अमोनिया मातीतून येतो, पहिले दोन ते चार आठवडे. पहिल्या आठवड्यात रोज निम्मं पाणी बदला, दुसऱ्यात एक दिवसाआड, तिसऱ्यात दोनदा, चौथ्यापासून आठवड्यातून एकदा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर सोडियम थायोसल्फेट असलेलं द्रावण घाला. पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडतो, पण क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) उडत नाही. दरम्यान फिल्टरमध्ये जिवाणू वाढतात: एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. हे बसायला चार ते सहा आठवडे लागतात. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतलात तर क्लोरीनने ते जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळा. आठवड्याच्या अंतराने दोन वेळा अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की मासे सोडा.

प्रश्न: दिवा दहा तास असतो, तरी झाडं खुरटी आणि हिरवं केसाळ शेवाळ मात्र जोमात. खत बंद केलं, फरक नाही.

पत्रांतला सर्वांत जास्त विचारलेला प्रश्न हाच, फक्त शब्द वेगळे. दिव्याने झाडाची भूक वाढते. वायू आणि खत त्या मानाने नसेल तर झाड थांबतं, आणि शेवाळाला इतक्या कमीतही भागवता येतं. खत बंद करून तुम्ही झाडाचंच तोंड बांधलंत. टाकी बिघडली की आधी दिवा कमी करा. नवी बाटली विकत घेणं नंतर.

आजच दिवा सहा तासांवर आणा, टायमर लावा. लिटरमागे २० ते ३० ल्यूमेन (दिव्याच्या उजेडाचं माप), म्हणजे या टाकीला १००० ते १५०० ल्यूमेन, गालिच्यालाही पुरतात. शेवाळ टूथब्रशवर गुंडाळून हाताने काढा. मागच्या बाजूला रोटाला रोटुंडिफोलिया किंवा हायग्रोफिला यांसारखी झपाट्याने वाढणारी झाडं दाटीने लावा, पुढे नको वाटली तर काढता येतात. झाडं स्थिरावल्यावर दिवा आठवड्याला अर्ध्या तासाने वाढवा, आठ तासांपुढे नाही.

खत पुन्हा सुरू करा. अर्धा लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात २० ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट आणि २ ग्रॅम मोनोपोटॅशियम फॉस्फेट विरघळवा. त्यातले १० मिली ५० लिटर पाण्यात घातले की लिटरमागे सुमारे ५ मिलिग्रॅम नायट्रेट, अर्ध्याहून थोडा अधिक मिलिग्रॅम फॉस्फेट आणि ३ मिलिग्रॅम पोटॅशियम मिळतं. हे आठवड्यातून तीनदा, आणि आठवड्याअखेर निम्मं पाणी बदला. झाडांनी काहीच उचललं नाही असं धरलं तरी नायट्रेट ३० च्या पुढे साठत नाही. लोह आणि सूक्ष्मद्रव्यं मधल्या दिवशी द्या. फॉस्फेटबरोबर लोह दिलं तर ते खाली बसतं.

उणीव पानावर वाचता येते. जुनी पानं पिवळी पडली तर नायट्रोजन कमी, जुन्या पानांना टाचणीएवढी भोकं पडली तर पोटॅशियम, नवं पान फिकट आणि शिरा हिरव्या तर लोह. काचेवर घट्ट हिरवे ठिपके बसत असतील तर फॉस्फेट वाढवा. हे उलटं वाटतं, पण लागू पडतं.

प्रश्न: दगडांच्या कडांवर काळे, दाढीसारखे झुबके आले आहेत. घासून निघत नाहीत.

हे ब्लॅक बिअर्ड, नावाला काळं पण लाल शेवाळांच्या कुळातलं. पाणी बदलताना दगड उघडे पडतील इतकं पाणी उतरवा, ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ब्रशने झुबक्यांवर लावा, पाच मिनिटं थांबा आणि पाणी भरा. दोन-तीन दिवसांत झुबके गुलाबी, मग पांढरे होतात. एका वेळी एकूण १२ मिलीच्या वर जाऊ नका आणि मॉसवर पडू देऊ नका. वायूचा चढ-उतार आणि दगडांमागे साठलेला गाळ तसाच राहिला तर ते महिन्यात परत येईल.

प्रश्न: क्रिप्टोकोरीनची सगळी पानं आठवड्यात विरघळली. मेलं का?

नाही. पाण्याचे गुणधर्म बदलले की हे झाड पानं टाकतं. विरघळलेली पानं कापा, मुळं जागची हलवू नका. तीन-चार आठवड्यांत नवी पानं येतात.

प्रश्न: दगडांच्या टाकीत कोणते मासे शोभतात?

लहान. मासा लहान असला की दगड मोठा दिसतो. एंबर टेट्रा जेमतेम दोन सेंमीचे, १२ ते १५ ठेवा, एकाच जातीचे. सोबत पाच-सहा अमानो कोळंब्या शेवाळासाठी. यांची पिल्लं खाऱ्या मिश्र पाण्यातच वाढतात, त्यामुळे टाकीत गर्दी होत नाही. शेवाळ खाणारे छोटे ऑटोसिंक्लस मासे तीन महिन्यांआधी आणू नका, नव्या टाकीत उपाशी मरतात. गोल्डफिश आणि माती उकरणारे सिक्लिड ही मांडणी एका दिवसात मोडतात.

प्रश्न: उन्हाळ्यात पाणी ३१ अंशांवर जातं आणि तयार गालिचा कडेने उचलला जातो. दोन्हींचा संबंध आहे का?

थोडा आहे. या झाडांना २२ ते २६ अंश मानवतात. गरम पाण्यात प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही कमी विरघळतात, खालचा थर लवकर कुजतो. पृष्ठभागावर तिरका वारा मारणारा छोटा पंखा लावा, २ ते ४ अंश उतरतात. त्याने पाणी भराभर उडतं. रोजची घट आरओच्या पाण्याने भरा, कारण उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात आणि जडपणा चढत जातो. आठवड्याचा पाणीबदल मात्र नेहमीच्या पाण्याने करा.

पण गालिचा उचलला जातो तो मुख्यतः न कापल्याने. थरावर थर चढतात, तळाला उजेड पोचत नाही, मुळं सुटतात आणि अख्खी चटई वर येते. जाडी ३ सेंमीच्या पुढे गेली की फिल्टर बंद करा, वाकड्या कात्रीने दीड सेंमीवर कापा, तरंगते तुकडे बारीक जाळीने काढा आणि लगेच निम्मं पाणी बदला. आधीच उचललेला भाग परत दाबून बसत नाही. तो कापून काढा, त्यातले वरचे हिरवे शेंडे दोन सेंमीचे करून त्याच जागी नव्याने लावा.